बारा मिनिटांचं कुरण

धाकटी मेली त्याला तीन वर्षं होत आली होती, आणि एकंदरीत तिचं बरं चाललं होतं.

सकाळी नऊला ती लॅबमध्ये यायची, दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायची, आणि संध्याकाळी सहाला बाकीची मंडळी घरी गेली की हात धुऊन, खिडकीजवळच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून, मेलेल्यांत जाऊन बसायची. मेली होती ती तिथे, खेळात. इथे तिला साधी सर्दीसुद्धा वर्षातून एकदाच व्हायची.

खेळ मोठा होता. राजे, राक्षस, जादूगार, आणि आपापल्या घरी बसून एकाच वेळी खेळणारी हजारो माणसं. त्यात जो मरेल तो एका करड्या कुरणात येऊन पडायचा. बारा मिनिटं तिथे थांबायचं, मग 'परत जा' असं बटण उजळायचं, ते दाबलं की माणूस पुन्हा जिवंत. बाहेरून एखाद्या वैद्यानं हाक दिली तर त्याआधीही सुटका व्हायची. खेळ बनवणाऱ्यांनी या परलोकासाठी फारसं डोकं चालवलेलं दिसत नव्हतं. गवत, एक ओढा आणि एक दगड, त्यावर कोरलेलं: 'मृतांनी येथे थांबावे.' कचेरीतल्या बाकड्यावर शोभेल असं वाक्य. बहुतेक जण ती बारा मिनिटं चहा टाकण्यात घालवायचे.

बारा मिनिटं म्हणजे किती, हे धाकटीच्या हातांना पाठ होतं. साच्यातलं प्लास्टर घट्ट व्हायला तेवढीच लागायची. नखानं टोचून बघायचं, खूण उमटली नाही की झालं. पण कुरणातलं ते बटण तिनं तीन वर्षांत एकदाही दाबलं नव्हतं. येणारे-जाणारे मेलेले तिला 'मुक्कामवाली' म्हणायचे.

पहिल्यांदा तिच्याशी बोलला तो लोहार. खेळात लोहार; खऱ्या आयुष्यात कोण होता कुणास ठाऊक. टाइप करताना प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम द्यायचा, म्हणजे वयानं मोठा असावा. लढाईत त्याचा अगदीच आनंद होता, त्यामुळे रोज जेवणाच्या सुट्टीत तो हमखास मरायचा.

"इथल्या गवताला रंग का नाही." त्यानं एकदा विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत धाकटीही कॉम्प्युटर उघडायची; तिच्या एका हातात डब्यातला घास होता. दुसऱ्या हातानं तिनं सहज लिहिलं, "गवताला रंग बघणाऱ्याच्या डोळ्यांतून येतो. इथे आलेला प्रत्येक जण मागे वळून बघत असतो. गवताकडे बघतंय कोण?"

दुसऱ्या दिवशी लोहार ठरल्या वेळेआधीच मेला. "आणि ओढ्याचं काय."

"ओढा उलटा वाहतो, डोंगराकडे. जिवंत माणसानं हाक मारली की पाणी बोटभर उतरतं."

"आणि हे पांढरे पक्षी. यांना आवाज नाही."

पक्ष्यांचा तिनं दिवसभर विचार केला. मेण तापवताना, दात बसवताना, ब्रश फिरवताना तेच ते पक्षी. संध्याकाळी लोहार पुन्हा मरून आला तेव्हा तिनं लिहिलं, "जिवंत माणूस कुणाला काही सांगायला जातो आणि जिभेवर आलेलं गिळून टाकतो. ते वाक्य इथे पक्षी होऊन येतं. सांगायचं राहून गेलं, म्हणून आवाज नाही."

तिथून मग तिची गोष्ट सुरू झाली. रोज संध्याकाळी ती ओढ्याकाठी बसून पुढचा भाग सांगायची. प्रत्येक जण वेगळ्या वेळी मरून यायचा आणि बारा मिनिटांनी उठून जायचा, त्यामुळे पूर्ण गोष्ट कुणाच्याच वाट्याला येत नव्हती. जिवंत झालेले लोक बाजारच्या चौकात जमून आपापले तुकडे जोडायचे आणि त्यावरून हमरीतुमरीवर यायचे. काही जण पुढचा भाग ऐकायला कड्यावरून उड्या टाकू लागले. वैद्यमंडळी तर पार वैतागली. धावत जाऊन हाक द्यावी, तर मेलेला आतून कळवायचा, आत्ता नको, गोष्ट रंगात आली आहे.

गोष्ट दोन बहिणींची होती. धाकटी बहीण मरून ओढ्याच्या अलीकडे बसलेली असते. ओढा ओलांडला की परतीची वाट, पण मेलेल्याचे पाय भिजले तर मागचं सगळं विसरायला होतं. म्हणून कुणीतरी पाठुंगळीला घेऊनच तिला पलीकडे न्यायला हवं. लहानपणी मोठी बहीण तिला तशीच न्यायची, आणि पाण्यात पाऊल टाकण्याआधी दर वेळी एकच वाक्य म्हणायची. ते वाक्य कोणतं, हे मुक्कामवालीनं कधीच सांगितलं नाही. लोहार खनपटीला बसला, तरीही नाही.

ते वाक्य खरं होतं, म्हणून नाही सांगितलं. शाळेच्या वाटेवर खराच एक ओढा होता, आणि पाण्याला घाबरणाऱ्या धाकटीला ताई खरोखरच पाठीवर घेऊन जायची. ताई पुढे नर्स झाली. खेळातही ती वैद्यीणच झाली, आणि धाकटीला खेळात ओढून आणलं तेही तिनंच. दोघींची गावं वेगळी झाली तरी संध्याकाळी खेळात भेट ठरलेली. ताई स्वतः तिथे एकदाही मेली नव्हती. आठ वर्षं. तिच्या नावापुढे सोनेरी अक्षरांत 'अमर' असं यायचं, आणि तसं यायचं ती सबंध खेळात एकटीच. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवायचीही नाही.

मग आई आजारी पडली. ताई आईजवळ होती. रोज फोनवर म्हणायची, धावपळ करू नकोस, मी आहे इथे. धाकटी पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच ती ताईला म्हणाली, "तू मुद्दाम मला आईची शेवटची भेट होऊ दिली नाहीस." ताई मूग गिळून उभी राहिली, आणि धाकटीला वाटलं, म्हणजे खरंच आहे.

त्याच आठवड्यात, निव्वळ सवयीनं, दोघी खेळात शिरल्या. लढाईत धाकटी पडली. करड्या कुरणात तिच्यासमोर अक्षरं आली: 'वैद्यीण तुम्हाला हाक देत आहे. यायचं?' धाकटीनं 'नाही' दाबलं. एकदा नाकारलेली हाक त्याच माणसाला पुन्हा देता येत नाही, हा नियम तिला मागाहून कळला. स्वतःहून उठणं तिच्या हातात होतं. पण ती उठली नाही, आणि का उठत नाही हे तिला नीट माहीत होतं. ताई येईल म्हणून ती बसली होती. आता बाहेरून हाक देता येत नाही, म्हणजे ताईला आत यावं लागणार, आणि आत यायचं तर मरावं लागणार. 'अमर' सोडून ताई कशाला येते? फोन दोघींकडेही होते. फोनचं म्हणाल तर तो सगळ्यांकडेच असतो.

अशी तीन वर्षं गेली. मग एका सोमवारी सूचना आली. गुरुवारी सकाळपासून कुरण बंद. मेलेला माणूस यापुढे पाच सेकंदांत जागच्या जागी उठेल. कुरणात जे असतील त्यांना जिवंत करून बाहेर सोडण्यात येईल.

बाहेर सोडलं म्हणजे वाट बघायची जागाच गेली. पुढचे दोन दिवस धाकटीचं कामात लक्ष लागेना. एका कवळीत तिनं खालचे दात वर बसवले.

बुधवारी संध्याकाळी कुरणात पाय ठेवायला जागा नव्हती. योद्धे, चेटकिणी, तिरंदाज, एक आख्खं सैन्य सेनापतीसह. सगळे शेवट ऐकायला मरून आले होते. बारा मिनिटं संपली तरी कुणी बटण दाबत नव्हतं. खिडकीबाहेर ऊन उतरलं होतं, आणि लॅबमधल्या कपाटावर ओळीनं मांडलेल्या कवळ्याही धाकटीच्या तोंडाकडे बघत असल्यासारख्या दिसत होत्या.

"मोठी बहीण येते का." लोहारानं विचारलं.

शेवट धाकटीनं लिहिलाच नव्हता. 'मला माहीत नाही' असं लिहायला तिनं बोटं उचलली, तेवढ्यात पडद्यावर वरच्या बाजूला एक ओळ सरकत गेली. साऱ्या खेळाला दिसेल अशी: 'वैद्यीण, अमर, आठ वर्षे. आज प्रथमच मृत.'

"गेली." लोहारानं लिहिलं.

ओढ्याच्या काठी एक बाई येऊन पडली. अंगावर ना कवच, ना झगा. खेळात पहिल्या दिवशी सगळ्यांना मिळतो तो साधा सदरा. नावापुढची सोनेरी अक्षरं गेली होती.

"मरता मरेना," ताईनं लिहिलं. "सगळं काढून ठेवलं तरी मरेना. शेवटी कोंबडीएवढ्या एका राक्षसासमोर अर्धा तास उभी राहिले."

धाकटीला हसू आलं, आणि हसू आल्याचा तिला राग आला. "कशाला आलीस?"

"गोष्ट ऐकायला. वर्षभर चौकात तुकडे ऐकतेय. लोहार एक सांगतो, तिरंदाज दुसरंच. उद्यापासून तेही मिळायचे नाहीत."

"माझ्याकडे शेवट नाही."

"माहीत आहे. तो माझ्याकडे आहे."

दोनशे मेलेले ऐकत होते. धाकटीनं तरीही विचारलं, कारण आता विचारलं नाही तर कधीच विचारता येणार नव्हतं. "का नाही बोलावलंस मला?"

'वैद्यीण लिहीत आहे' असं दिसू लागलं. मग ते गेलं. पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं. आता आणखी एक पांढरा पक्षी येणार, असं धाकटीला वाटलं.

पक्षी आला नाही. अक्षरं आली.

"मला कळलं नाही. वॉर्डात रोज लोकांना मीच सांगते, आता सगळ्यांना बोलावून घ्या. आपल्या आईच्या वेळी मला वाटलं, अजून आठवडा आहे. चुकलं माझं. तू दारात म्हणालीस, मुद्दाम केलंस. म्हटलं, असू दे. चुकले म्हणण्यापेक्षा मला ते सोपं वाटलं."

धाकटीनं ते दोनदा वाचलं. तीन वर्षं तिला वाटत होतं की आपला राग आता पक्का झाला आहे, दगडासारखा. आज त्याला नख लावलं आणि खूण उमटली. तिला रडू आलं, आणि आईसाठी आलं की ताईसाठी, हे शोधत बसायला तिला सवड नव्हती. दोन मिनिटांनी ताईचं 'परत जा' उजळणार होतं, आणि ती त्यानंतर थांबेल याची खात्री नव्हती.

ताई उठली. ओढ्याच्या कडेला जाऊन, पाठ करून, खाली वाकली. जखमींना उचलून न्यायची सोय खेळात पहिल्यापासून होती. कुरणात ती कुणी वापरली नव्हती. धाकटीसमोर अक्षरं आली: 'वैद्यीण तुम्हाला पाठीवर घेऊ पाहते. चालेल?'

या वेळी तिनं 'हो' दाबलं.

करड्या गवतात दोनशे जण वाट करून उभे राहिले. ताईनं पाण्यात पाऊल टाकलं नाही. आधी थांबली. आणि मग सगळ्यांसमोर तिनं ते लिहिलं, जे लोहाराला वर्षभर विचारूनही कळलं नव्हतं:

"पाय वर घे."

लॅबमधल्या खुर्चीवर बसलेल्या धाकटीनं जमिनीवरचे दोन्ही पाय उचलून वर घेतले.