चार बायांचा ओटा

ड्रिल बंद करून राजदीप स्वयंपाकघराच्या अर्ध्या भिंतीआडून रांगत बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवया, मिशा आणि बनियन सगळं एकाच विटकरी रंगाचं झालं होतं. त्याने भिंतीत पाडलेल्या खाचेत बोट घालून खोली पाहिली, फुंकर मारली आणि ती धूळ पुन्हा स्वतःच्याच डोळ्यांत घेतली.

"झालं का?" संघमित्राने दारातून विचारलं. "आधारभाऊ केव्हाचे दगड घेऊन बसलेत."

ग्रॅनाइट बसवणाऱ्या मिस्तरीचं नाव आधार असलं तरी आधाराचं काम राजदीपने त्याच्यावर सोडलं नव्हतं. तो स्वतः फिटर. वरणगावच्या फॅक्टरीत लोखंडाशीच त्याचा संसार, आणि हा ओटा तर आईसाठी होता. जाड लोखंडी पट्ट्या काटकोनात वाकवून, घासून, रंग देऊन त्याने त्या घरीच तयार केल्या होत्या. पट्टीचा एक पाय भिंतीत बोल्टाने आवळायचा आणि वरून सिमेंट भरायचं. दुसरा पाय दगडाच्या पोटाशी खाचेत असा बसवायचा की कुणी वाकून पाहिलं तरच दिसावा. खालून ना खांब, ना तिरका टेकू. स्वयंपाकघराचा ओटा भिंत ओलांडून हातभर पुढे यायचा, आणि बघणाऱ्याला वाटावं की हा दगड हवेतच थांबला आहे.

"राजूभाऊ, यावर काय हत्ती बसवायचा आहे का?" पट्ट्या मोजत आधार म्हणाला. "एवढ्या लोखंडात माझा जिना उभा राहील."

"चार बाया बसवायच्या आहेत."

"ओट्यावर?"

"माझ्या आईची अट आहे," राजदीप म्हणाला आणि पान्याने बोल्ट आवळू लागला.

अट खरीच होती. रुक्माबाई साक्रीकडच्या गावी एकट्या राहत होत्या. दोनदा त्या वरणगावला आल्या आणि दोन्ही वेळा आठवडा भरायच्या आत पिशवी भरून दारात उभ्या राहिल्या. "घरमा जीव कोंडाई जास, भाऊ," एवढंच कारण. मागच्या हिवाळ्यात त्या मोरीत घसरल्या आणि शेजारची धनीबाई येईपर्यंत तशाच पडून होत्या. तेव्हापासून राजदीपचा जीव टांगणीला लागला होता. रात्री फोन वाजला की तो आधी पायांत चपला घालायचा आणि मग फोन उचलायचा. भाड्याची खोली सोडून त्याने घर बांधायला काढलं, तेही खरं म्हणजे त्या धसक्यानेच.

स्वयंपाकघराचं काम निघालं तसा त्याने तिथूनच, विटांच्या ढिगावर उभं राहून, आईला फोन लावला होता. माय, ओटा कसा करू? आवाज तुटत होता, पण उत्तर स्पष्ट आलं.

"बाहेर काढजो जरासा. पाय मोकळा सोडीसन बठता येवाले पाहिजे. चार बाया बठतीन इतला कर. मंग मी कायमनी इसू."

कायमनी! आई कायमची येणार, या शब्दापुढे बाकीचं त्याने कितपत ऐकलं, कोण जाणे. संध्याकाळी त्याने संघमित्राला सांगितलं की आईला जेवणखोलीच्या बाजूने पुढे आलेला ओटा हवा आहे, साहेबांच्या बंगल्यात असतो तसा. लोक त्याला उंच स्टुलं लावून बसतात.

"आईंना हे कुठून सुचलं?"

"मालिकेत पाहिलं असेल."

संघमित्राने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. ती शाळेत शिकवायची. प्रश्न नीट न वाचता उत्तर लिहिणारी पोरं तिला पाठीवरून ओळखू यायची. पण नवरा इतका हरखला होता की तिने विषय सोडून दिला.

दगड चढला. सिमेंट वाळलं. राजदीपने ओट्याच्या कडेला लोंबकळून पाहिलं, मग आधारला लोंबकळायला लावलं. दगड तसूभर हलला नाही.

पौर्णिमेला घरात बुद्धवंदना ठरली होती. त्याआधीच्या रविवारी रुक्माबाई आल्या. गेटपाशी रिक्षातून उतरल्या आणि तिथेच थांबल्या. मोटारसायकल आत घ्यायला केलेला सिमेंटचा उतार, त्याच्या कडेला गटार, गटारीपलीकडे रस्ता. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. राजदीपला वाटलं, म्हातारी घर डोळ्यांत साठवते आहे. त्याने त्यांचा हात धरून त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं.

रुक्माबाईंनी भिंतीवरून हात फिरवला, नळ सोडून पाहिला, खिडकीची जाळी वाजवून पाहिली. सुनेच्या गालावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली.

"बठ्ठं चांगलं शे," त्या म्हणाल्या. "पन भाऊ, ओटा कोठे शे?"

राजदीप हसला. "हाऊच ना, माय." त्याने काळ्या दगडावर थाप मारली. "देख, बाहेर काढेल शे. खाले पाय मोकळा."

"हाऊ?"

रुक्माबाई दगडाकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू, जणू चूक त्यांचीच असावी तशा म्हणाल्या, "मी दारना ओटा सांगेल व्हता रे. सांजले बठाना."

संघमित्रा चटकन गॅसकडे वळली आणि रिकाम्याच भांड्याखाली तिने गॅस पेटवला. राजदीपचा हात दगडावरच राहिला. गावच्या घराचा तो ओटा, बापाने नदीतले दगड वाहून बांधलेला, संध्याकाळी त्यावर पाय सोडून बसलेल्या बाया, येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांनी दिलेला जयभीम. सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्याच ओट्यावर तो स्वतः लहानाचा मोठा झाला होता. ओटा म्हटल्यावर त्याला गॅसची शेगडी आठवावी? शहाण्यासारखे दिवस काढून आपण किती बावळट झालो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"मी येसच," एवढं बोलून तो बाहेर पडला.

गेटपाशी उकिडवा बसून तो टेपने मापं घेऊ लागला. उतार फोडला तर गाडी कुठे ठेवायची? आणि नाही फोडला तर ओटा गटारीवर येतो. नगरपालिका तो ठेवणार नाही. त्याने दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. जागा काही वाढेना. आता आई दोन दिवस राहील, वंदना होईल, आणि मग पिशवी भरलेली दिसेल. आणि पुन्हा आपण रात्री चपला शोधू.

आतून फोनवरचं बोलणं ऐकू आलं तसा तो उठला.

स्वयंपाकघराच्या दारात तो थबकला. रुक्माबाई ओट्यावर चढून बसल्या होत्या. शेजारी खुर्ची होती आणि ती घट्ट धरून संघमित्रा उभी होती. तीच संघमित्रा, जी नव्या ओट्यावर गाडीची किल्ली ठेवली तरी डोळे वटारायची. रुक्माबाईंनी दगडाखाली हात घालून चाचपलं.

"खाले काहीच नही. पडी जाई का वं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"नाही आई. आत लोखंड आहे. ह्यांनी स्वतः बसवलंय."

रुक्माबाईंनी मान हलवली, नऊवारीचा घोळ सावरला आणि दोन्ही पाय मोकळे सोडले. फोनमधून धनीबाईचा खणखणीत आवाज येत होता.

"झाया का मंग ओटा?"

"झाया ना वं. त्यावरच बठेल शे."

"बाहेर काढेल शे का?"

"काढेल शे ना. मी जसा सांगेल व्हता, तसाच करा पोऱ्यानी."

"वारा लागस का?"

रुक्माबाईंनी फोनवर तळहात ठेवला आणि हनुवटीने पंख्याचं बटण दाखवलं. संघमित्राने खुर्ची न सोडता हात लांबवून बटण दाबलं. पंखा गरगरला, कॅलेंडरची पानं फडफडली.

"लागस ना," रुक्माबाई म्हणाल्या. "पदर जागावर ऱ्हास नही."

राजदीपने हातातली टेप गुंडाळून खिशात घातली. मग धनीबाईने विचारलं, आणि आता तिचा आवाज खणखणीत नव्हता.

"म्हनजे आते तू परत येस नही."

रुक्माबाईंनी खिडकीकडे पाहिलं. जाळीपलीकडे शेजारच्या घराची भिंत होती.

"मनी लुगडासनी पेटी राहेल शे तठे," त्या म्हणाल्या. "कोनी इकडे येई, त्याना हातमा धाडी दे." मग पाय हलवता हलवता थांबल्या. "आन धनी, सांजले मना ओटावर बठत जाजो. त्याले सूना नको ठेवजो."