बोटीवरचं मांजर

तळहाताएवढा, राखाडी, एका कडेचा टवका उडालेला... निशिकांतने तो तुकडा पुन्हा उलटा केला. वरच्या अंगाला लाकडाच्या रेषा, त्याही साच्यातून काढलेल्या. सिमेंटनं लाकडाचं सोंग घ्यायचं, म्हणजे शेजाऱ्याला घर लाकडाचं वाटतं आणि वणव्याला खायला काही मिळत नाही. गेल्या दिवाळीत कॅलिफोर्नियाहून आलेली गार्गी, त्याची लेक, हा नमुना इथेच विसरून गेली होती. या बेटशहरात, बुकित बातोक वस्तीतल्या अकराव्या मजल्यावर, जिथे वणवा यायचाच तर त्यालाही लिफ्टची वाट बघावी लागेल.

वास मात्र आला होता. समुद्रापलीकडे सुमात्रात जंगलं पेटलेली, समोरची इमारत सकाळपासून पुसट.

"खिडकी लावा," कुमुद स्वयंपाकघरातून म्हणाली. "हेझचा धूर आत येतोय. आणि तो दगड ठेवा आता खाली."

नऊ वाजता गार्गीचा फोन आला होता. तिकडे तिची संध्याकाळ. तिच्या आणि नवऱ्याच्या, वरुणच्या, घरामागे डोंगर, डोंगरावर वाळकं गवत, आणि घराला बाहेरून जुन्या देवदारी फळ्या. त्या काढून हे सिमेंट लावायचं तर अठ्ठावीस हजार डॉलर. "वरुण म्हणतो, बाबांना विचार, त्यांनी आग बघितलीय. कॉन्ट्रॅक्टरला आज झोपायच्या आत कळवायचंय." मग हसून, "तुमच्या बोटीवर तर साधं प्लायवूडच होतं ना? ओल्या ब्लँकेटांवर भागलं की!"

आणि निशिकांत सुटला. तो बोटीवर नोकरीला असतानाच्या आगीची गोष्ट कुणी काढली की तो सुटायचाच — ब्लँकेटं वाढली, ज्वाळा बोटीच्या धुराड्याच्याही वर गेल्या, एकवीसच्या एकवीस माणसं डेकवर आली, आणि बाविसावं, सगळ्यांच्या शेवटी, शेपटी वर करून, बोटीवरचं मांजर. "अगं, लाकूड काय असं लगेच पेटतं होय!"

"मग राहू दे," गार्गी म्हणाली होती. "नाहीच करत."

फोन ठेवल्यावरही हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, काढायचं विसरलेल्या चष्म्यासारखं.

बोटीवर मांजर नव्हतं.

मांजर मी नंतर गोष्टीत आणलं. गार्गी चार वर्षांची, मांडीवर बसून विचारत होती, सगळे आले ना बाहेर, बाबा? — सगळे, म्हणालो, आणि ओळीत एक जागा रिकामी राहत होती, तिथे मांजर बसवलं. परेशच्या जागी. रत्नागिरीचा फिटर, चोवीस वर्षांचा, ड्यूटी संपवून झोपलेला... ज्या केबिनच्या भिंती आम्ही इथल्याच एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात नव्या करून घेतल्या होत्या, त्या केबिनमध्ये. यार्डवाल्यानं दोन भाव दिले होते, न जळणाऱ्या फळ्यांचा आणि प्लायवूडचा. पहिल्यावर काट मारली ती मी. कंपनीचे किती वाचले ते आठवत नाही. पेन हिरव्या शाईचं होतं, एवढं आठवतं.

"कुमुद," तो म्हणाला, "ती ब्लँकेटं..."

"आज अकरा होती." ती चवळीच्या शेंगा मोडत होती. "गार्गीच्या लग्नात नऊ. मी मोजत असते." मग मान वर न करता, "एक मात्र एकतीस वर्षांत विचारलं नाही मी. ते मांजर पुढे गेलं कुठं."

शेंगा मोडल्याचा आवाज येत राहिला, टक्... टक्...

बारा वाजत आले. म्हणजे तिकडे नऊ; अजून जागी असेल. त्यानं फोन लावला. रिंग जात होती आणि गोष्ट सवयीनं आपोआप सुरू झाली — धूर, लोखंडी दार, एकामागून एक माणसं. तो मोजत होता, एकोणीस, वीस, एकवीस... आता मांजर. पण मांजर येईना. तो त्या दाराकडे बघत राहिला. तिथे नुसता धूर, आणि धुरात कुणीतरी, अगदी तरुण, खोकत होतं.

"हं, बाबा? बोला ना."

"परेश," निशिकांत म्हणाला.

"कोण?"

पुढचं वाक्य त्याच्या जिभेवर नेहमी तयार असायचं. आज ते नव्हतं, आणि ते शोधायला त्याला त्या दारातून आत जावं लागणार होतं.