डाव्या अंगाचं वजन

मी शॉकअप बोलतोय. राजकुमार राठोडच्या लाल स्पोर्ट्स कारच्या डाव्या मागच्या चाकाचा. म्हणजे, होतो. सध्या पांढरकवड्याजवळच्या तांड्यात त्याच्या ओसरीच्या भिंतीला टेकून उभा आहे. अंगाभोवती स्प्रिंग, पोटात तेल, आणि डोक्यावर बहुतेक वेळा एक कोंबडी.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे मला एकच गोष्ट शिकवली: वजन आलं की वाकायचं, गेलं की सावकाश उठायचं. माणसांना एवढंसुद्धा जमत नाही. कुणी जन्मभर ताठ, तर कुणी एकदा वाकला की वाकूनच जातो.

गाडी दोन दारांची. मागे बसायचं तर डावं दार उघडून पुढचं सीट झुकवावं लागतं. ते कुणी झुकवल्याशिवाय मागच्याला उतरता येत नाही. एवढं ध्यानात ठेवा.

राजकुमारचे ट्रक वणीला कोळसा वाहतात. ही लाल गाडी मात्र त्याची हौस, नागपूरहून जुनी घेतलेली. त्याची आई जमनीबाई; बंजारा बोलीत तो तिला याडी म्हणतो. तिच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर माल वाहिला, नवऱ्याने ट्रक चालवला. वणीच्या वाटेवर एक मोरी आहे आणि पुढे थोड्या अंतरावर मोहाचं झाड. त्या मोहापाशी जुने ट्रकवाले क्षणभर थांबतात, डावं दार उघडतात आणि म्हणतात, "उतर बापा, तुहं गाव आलं." का म्हणतात, ते कुणी सांगत नाही. जमनीबाई सोबत असली की हा रिवाज लाल गाडीतही पाळायची. सीट झुकवायलाही विसरायची नाही.

हसू नका. त्या मोरीवर मी दर खेपेला दबत होतो. खड्ड्याने नव्हे, खड्डा दणका देतो. हे वजन हळू यायचं, म्हातारा माणूस धोतर आवरून बसतो तसं. मोहापाशी दार उघडलं की उतरायचं. पहिल्या खेपेला माझ्या पोटातलं तेल गार पडलं होतं. पुढे सवय झाली.

मग जमनीबाईचे गुडघे धरले आणि ती घरीच राहू लागली. राजकुमार एकटाच जायचा आणि मोहापाशी वेग आणखी वाढवायचा.

"मोहापाशी थांबलता का रे?" ती रोज विचारायची.

"याडी, तो ट्रकवाल्यायचा रिवाज हाये. माह्या गाडीत कोण बसून राह्यलं?"

बसलेलं होतंच. उतरायला वाट नव्हती, म्हणून घरापर्यंत आलं आणि मागे तसंच राहिलं. गाडी डावीकडे कलली. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात बंद गाडीची मागची काच आतून धुरकटायची, कुणी तोंडाशी धरून फुंकल्यासारखी. राजकुमारची बायको वर्षा तेव्हा पोटुशी होती. तिने एकदा ती काच पदराने बाहेरून पुसून पाहिली. पुसली गेली नाही, तशी घरात निघून गेली. पुढे बाळंतपणाला ती पुसदला माहेरी गेली.

राजकुमारने दोष कुणाला द्यावा? मला! वड्याचं तेल वांग्यावर. वणीच्या किसनसिंग मेकॅनिकने गाडीचा कोपरा दाबला, सोडला. मी एकदाच उठलो आणि गप बसलो. चांगल्या शॉकअपची हीच खूण.

"हा तं टणटणीत हाये, राजूभाऊ. काहून बदलून राह्यले?"

"मंग गाडी डाव्या अंगाले बसते काहून?"

किसनसिंगने दोन जोड समोर ठेवले. "रेसमंदी पळवाची हाये का? आपल्या रोडवर लय कडक टाकले तं चाक गड्ड्यावरून उडते, जमीन सोडते. हे मधले घ्या. कडकपणा कमीजास्त करता येते."

"नाही. सगळ्यात कडक टाक. मले गाडी बसलेली दिसलीच नाही पाह्यजे."

आणि खरंच, दिसली नाही. वजन गेलं नव्हतं. त्याच्यापुढे वाकणारा गेला होता. मला फार वाईट वाटलं. भंगारात द्यायला जमनीबाईने नाही म्हटलं, म्हणून मी या भिंतीशी आलो.

परवा कळलं की राजकुमार पुसदहून वर्षाला आणि बाळाला आणणार. जमनीबाई काठी टेकत गाडीपाशी गेली. डावं दार उघडून, सीट झुकवून म्हणाली, "उतर बापा." काही झालं नाही. त्याचं गाव इथे नव्हतं.

"राजू, पहिले मोहापाशी जाय. मागं लेकरू बसन."

"याडी, उशीर होते," म्हणत राजकुमार थेट पुसदला गेला.

आज दुपारी ते आले. वर्षा बाळाला घेऊन उतरली. जमनीबाई भाकरतुकडा ओवाळायला पुढे झाली. "लय रडली असन ना रस्त्यानं?"

"नाही जी. मागं माह्या बाजूले, डाव्या अंगाच्या सीटवर ठेवलं होतं तिले. माह्यी हाडं खिळखिळी झाली, पण तिले एक दणका नाही लागला. डोळाही नाही उघडला."

"नवे शॉकअप!" राजकुमार छाती फुगवून म्हणाला.

ते दगड! त्या रस्त्यावर लेकराला झोपू देणं त्यांच्या बापजन्मी जमायचं नाही. मी असतो तर जमलं असतं. नाहीतर कुणी हातांवर झेलून धरलं तर. जमनीबाईच्या हातातला भाकरतुकडा तसाच राहिला.

वर्षाने बाळाला ओसरीतल्या पाळण्यात ठेवलं. गाडीचं डावं दार उघडंच होतं, सीट झुकलेलं. कोंबडी माझ्यावरून फडफडत उडाली.

आणि मी दबलो. हळूहळू. तेच जुनं वजन, लेकरामागे गाडीतून उतरलेलं.

राजकुमार, माझा तुझ्यावर राग नाही. मला उचल, गाडीत मागे ठेव, मोहापाशी ने. दार उघड, सीट झुकव, तुझी आई म्हणते ते शब्द म्हण. तोवर मी हे वजन धरून ठेवतो. पण आत्ता चल. ते पाळण्याच्या बाजूला कललंय, आणि माझ्यावरून थोडं थोडं हलकं होतंय.