अकरा वीसची नोंद

फ्रेमवालीने कपाटातला धुतलेला फडका ओढला आणि ती गिऱ्हाइकाकडे धावली. वकिलीची सनद फ्रेम करायला आलेल्या या गृहस्थांनी टेबलावरची काच स्वतःच उचलून बघितली होती. काच उचलणं म्हणजे फाईल उचलणं नव्हे! मनगटातून रक्ताची धार लागली होती.

"हात लावू का?" तिने विचारलं.

"अजिबात नाही! डॉक्टरशिवाय कोणी शिवलं तर कोर्टात खेचेन."

दिराने अँब्युलन्सला फोन केला आणि तो कुजबुजला, "वहिनी, मागे व्हा. नसतं लचांड मागे लागेल. दुकान जाईल हो आपलं!"

"मग तुम्हीच दाबा," तिने वकिलांपुढे फडका धरला. "घट्ट. आणि उघडून बघू नका."

वकील नेमके उघडून बघत होते. फडका चिंब झाला. माणूस हातचा चालला होता, तोरा मात्र कायम! तिला संताप आला आणि तितकीच भीतीही वाटली. पण प्रथमोपचाराच्या वर्गात बजावून सांगितलं होतं: शुद्धीवरचा माणूस नको म्हणाला तर थांबायचं, शुद्ध हरपली की क्षणभरही थांबायचं नाही.

वकिलांची मान कलली. ते स्टुलावरून घसरले.

"भाऊजी, वाजले किती?"

"अकरा वीस. का?"

"लिहून ठेवा!"

तोवर तिने गुडघे टेकून जखमेवर दोन्ही तळहातांचा भार टाकला होता. अँब्युलन्स येईपर्यंत ती जागची हलली नाही.

पंधरा दिवसांनी वकील दारात उभे राहिले, हात गळ्यात बांधलेल्या झोळीत. दिराच्या हातून लाकडी पट्टी निसटली.

"मी नको म्हटलं होतं," वकील म्हणाले.

"अकरा वीसपर्यंत म्हणत होतात." ती फ्रेमचं माप घेत राहिली. "पुढे तुम्ही काही बोलला नाहीत."

"पुरावा?"

दिराने घाम पुसत खिळ्याला अडकवलेला कागद काढून दिला. '११.२०. गिऱ्हाईक बेशुद्ध. वहिनींनी हात लावला. मी नको म्हणत होतो.'

वकिलांनी तो दोनदा वाचला. दिराकडे एकदा पाहिलं. मग टेबलावर तशीच पडून असलेली सनद बाजूला सारून तिथे कागद ठेवला.

"आधी हा फ्रेम करा," ते म्हणाले. "काच मात्र नको."