दोन सह्यांचं भाषण

त्र्याहत्तर सालच्या दुष्काळात आमच्या गावात पाणी नव्हतं, ज्वारी नव्हती, रॉकेल नव्हतं. वक्तृत्व मात्र भरपूर होतं. पाचोऱ्याहून भडगावला जाताना आमचं गाव लागतं. तिथल्या वाचनालयाची वादविवाद स्पर्धा यंदा रद्द करावी, असं मी ग्रंथपाल या नात्यानं सुचवून पाहिलं. उत्तर मिळालं, की विचारमंथनाची खरी गरज अशाच वेळी असते. विषयही ठरून आला होता: देशाच्या दुर्दशेचं मूळ कशात, भ्रष्टाचारात की भांडवलशाहीत?

परीक्षक दोन. एक पुना नाना. तेलगिरणी त्यांची, रेशनचं दुकान त्यांचं आणि खरेदी-विक्री संघाचे अध्यक्षही तेच. दुसरे पुरवठा खात्याचे साहेब. नानांचं दुकान तपासायचं काम साहेबांकडे होतं आणि तपासायला आले की ते जेवूनच जात. एकाला भांडवलशाही हा शब्द सोसत नसे, दुसऱ्याला भ्रष्टाचार. इतकी निःपक्षपाती जोडी जिल्हा पालथा घातला असता तरी सापडली नसती.

या सगळ्यात जीव अडकला होता वाल्मीकचा. बी.ए. होऊन तीन वर्षं झाली तरी नोकरी नाही. आई द्रौपदाबाई दुष्काळी कामावर खडी फोडून त्याला पोसत होती. आमच्याकडे रिवाज असा, की स्पर्धेत पहिला येईल त्याला संघात कारकुनाची जागा. मात्र शिफारशीच्या कागदावर दोन्ही परीक्षकांच्या सह्या हव्यात. कुणी कुठल्या बाजूनं बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरे. म्हणजे भांडवलशाहीला शिव्या द्याव्यात तर नाना बिघडणार, भ्रष्टाचाराला द्याव्यात तर साहेब.

"मग कसं करणार रे?" मी विचारलं.

"निघेल आबा काहीतरी वाट," तो म्हणाला. मला त्याची फार कीव आली. ती फुकट गेली.

चिठ्ठ्या उघडल्या. भांडवलशाही आली कापडवाल्या महावीरशेठच्या निर्मलकुमारला. पोरगं आडपडदा न ठेवता बोललं. दुष्काळात कुणाच्या गोदामात पोती पडून आहेत, भाव चढेपर्यंत ती का हलत नाहीत, सगळं सांगितलं. स्वतःच्या बापाचं दुकानही सोडलं नाही. महावीरशेठ पहिल्या रांगेत आपल्या पायांकडे बघत बसले होते. पोरगं खरं बोललं, माझा त्याच्यावर राग नाही. पण त्याला नोकरी नको होती. ज्याला काही नको असतं त्याला खरं बोलायला काय जातं? नानांनी त्याला किती गुण दिले ते मी पाहिलं. तेवढ्या गुणांत पोरगं बालवाडीतही नापास झालं असतं.

मग वाल्मीक उठला. भ्रष्टाचार हा शब्द कानावर पडताच साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"भ्रष्टाचार हेच मूळ!" वाल्मीक म्हणाला. "पण मित्रहो, लाच घेणारा येतो कुठून? देणारा असतो म्हणून येतो! परवाचीच गोष्ट. रेशनच्या रांगेत एक बाई उभी. लाल मायलो, ती अमेरिकेची ज्वारी, संपत आलेली. मागे साठ माणसं. या बाईनं पदराखालून चार अंडी काढली आणि तोलणाऱ्याच्या हातावर ठेवली. भरली तिची पिशवी! आता एकट्या अधिकाऱ्यानं काय करावं? व्यापाऱ्यानं कुणाकुणाला आवरावं? असल्या बायांनीच हा देश पोखरला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. नाना तर उभं राहून टाळ्या वाजवत होते. तोलणारा त्यांचाच नोकर, आणि ती अंडी त्यांच्याच घरी शिजलेली. रोज रांगेत उभी राहणारी माणसंही खूश झाली, कारण प्रत्येकाला वाटलं की ही बाई आपल्या शेजारची.

मी त्या दिवशी रांगेतच होतो. ती बाई द्रौपदाबाई होती. त्या मायलोच्या भाकरी याच पोरानं खाल्ल्या होत्या. माझं डोकं असं फिरलं, की उठून त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण मीही जागचा हललो नाही. वाचनालयाचे अध्यक्ष नानाच होते.

वाल्मीक पहिला आला. कागदावर साहेबांची सही झाली, नानांची झाली आणि घडी घालून नानांनी तो कागद खिशात ठेवला. आधी सत्कार, मग कागद. विजेत्याच्या आईला व्यासपीठावर बोलावून लुगडं द्यायचं, हाही आमचा रिवाज. मागच्या भिंतीशी बसलेली द्रौपदाबाई सावकाश चालत वर आली. नानांनी लुगडं पुढे केलं. तिनं हात पुढे केलाच नाही.

"नाना, त्या अंडा मीच दिन्हात," ती म्हणाली. माईक समोरच होता. "हाऊ पोऱ्या घरमा उपाशी बठेल व्हता, म्हनीसन दिन्हात. मन्हामुये देश बुडना ना? मंग हाई लुगडं माले कसाले देतस?"

नानांचा हात तसाच पुढे राहिला. मग साहेब म्हणाले, "वा! पोरानं वक्तृत्व कुठून उचललं ते आत्ता कळलं!" आणि ते हसले. ते हसले म्हणून नाना हसले, नाना हसले म्हणून सभागृह हसलं.

द्रौपदाबाई लेकाकडे बघत होती. कागद अजून नानांच्याच खिशात होता. वाल्मीकही हसला.