डाव्या हातानं दिलेला चहा

वाळवंटाकाठच्या वार्झाझात गावातल्या सिनेमावाल्यांत नवं चिलखत जुनं करावं तर बास्सूनंच. फायबरचं, रुपेरी रंगाचं कोरं चिलखत त्याच्या वर्कशॉपात यायचं आणि चार दिवसांत वीस लढाया मारून आल्यासारखं बाहेर पडायचं. तारेच्या ब्रशानं घासायचं, काळा रंग फासून पुसायचा, मेणात वाळू कालवून सांध्यांत भरायची, पट्टे चहाच्या पाण्यात बुडवायचे. पण यंदा त्याचा उजवा हात थरथरायला लागला, आणि नायकाचं चिलखत पहिल्यांदाच इत्तोच्या वाट्याला आलं.

इत्तो सोळा वर्षं नुसत्या शिपायांची चिलखतं मळवत होती. बास्सूला सगळे ‘मालेम’ म्हणत, म्हणजे हुन्नरातला गुरू. बाईमाणसाला तिथं ‘मालेमा’ म्हणायला कुणाची जीभ वळली नव्हती. इत्तोला तो शब्द हवा होता, आणि तोही बास्सूच्याच तोंडून. खोटं कशाला सांगा, त्यासाठी ती झुरत होती.

चार दिवस तिनं जीव ओतला. तलवारीचं म्यान डाव्या मांडीवर घासतं, म्हणून तिथला रंग खरवडून काढला. ढालीचा पट्टा डाव्या हाताला काचतो, तिथंही तसंच. बास्सूनं निरखून पाहिलं आणि म्हणाला, “बरंय.” त्याच्या हिशेबी हा हारतुराच होता.

पाचव्या दिवशी सकाळी नायक चिलखत चढवून बघायला आला, सोबत वेषभूषेची मुख्य, मागदाबाई. पाहुणे म्हटल्यावर पुदिन्याचा चहा आणि रोटी आलीच. नायकानं ग्लास उचलला तो डाव्या हातानं.

“घरी आईनं काही शिकवलं नाही वाटतं,” बास्सू आपल्या भाषेत पुटपुटला.

“परदेशी आहे, मालेम. जाऊ द्या,” इत्तो म्हणाली.

“परदेशात उजवा हात नसतो का?”

इत्तोला हसू आलं, आणि तिथंच ते विरलं. रोटी डाव्या हातात. मग चिलखत चढवलं, तर तलवारीची मूठही डाव्याच हातात. बाप्या डावखुरा होता. म्यान उजव्या बाजूला लोंबत होतं, कोऱ्या मांडीपट्टीवर, आणि तिनं मरमर करून झिजवलेली डावी बाजू उगाच रिकामी होती. उद्या शूटिंग. घासलेलं काही पुन्हा न घासलेलं होत नाही.

“मालेम, घात झाला. हे उजव्या माणसाचं चिलखत आहे.”

“गप्प बस. मागदाबाई खूश आहेत. पडद्यावर कोण बघतंय?”

“मी बघतेय ना.”

ती तडक मागदाबाईंसमोर उभी राहिली. चूक सांगून टाकली. मग म्हणाली, “बाई, हे चिलखत याच्या बापाचं होतं असं धरा. बाप उजवा, लेक डावखुरा. बापाची झीज जुनी, वाळूनं भरलेली. लेकाचे ओरखडे ताजे. संध्याकाळपर्यंत करून देते.”

मागदाबाईंनी चिलखताकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि दिग्दर्शकाला फोन लावला. बोलणं संपल्यावर नुसती होकाराची मान हलवली.

उन्हं उतरायच्या आत काम झालं. बास्सूनं चिलखत गुडघ्यांवर घेतलं. आधी डाव्या मांडीपट्टीवरून बोट फिरवलं, मग उजव्या.

“काळ्या घोड्याचा तो सिनेमा आठवतो?” तो म्हणाला. “त्यातला नायक डावखुरा होता. तीन महिने माझ्यासमोर बसून चहा प्यायचा. मी नुसता त्याच्या आईला नावं ठेवत बसलो, पोरी. चिलखत उजव्याचंच केलं.”

गुरूची चूक गुरूच्याच तोंडून ऐकायची इत्तोला सवय नव्हती.

बास्सूनं किटली ओढली. उजव्या हातानं ग्लास भरायला गेला, तर अर्धा चहा तबकात सांडला. मग त्यानं किटली डाव्या हातात घेतली, ग्लास नीट भरला आणि त्याच हातानं तिच्यापुढे धरला.

“घे, मालेमा,” तो म्हणाला. “गार होईल.”