आढ्याची होडी

"आजी, तुमची जात बंगालमधी चालते. इथी नाई," कचेरीतला बाबू म्हणाला.

निभाराणी मंडलनं पदर खोचला. शेजारी नात मोनाली उभी होती. पोरीला चंद्रपूरला नर्सिंगला जायचं होतं. राखीव जागेसाठी जातीचा दाखला हवा होता.

"काऊन? रेल्वेतून उतरतानी पडली का आमची जात?"

"नियम हाय, बाई. नमशूद्र तिकडच्या यादीत हायेत, महाराष्ट्रात नाई."

"सरकारनंच आणलं ना इथी? विहिरीवर आमाले पाणी वरून वाढत, तवा चालली आमची जात. पोरीच्या कामाले आली त चालत नाई?"

"मले काऊन बोलून राह्यले?"

"मंग कोनाले बोलू? नियम बनवणारा खिडकीत बसत नाई."

बसमध्येही ती धुसफुसत राहिली. रागाचं तसंच असतं, बोलून झालं तरी तो खाली बसत नाही.

पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांना सरकारनं गडचिरोलीच्या जंगलात जमिनी दिल्या, तेव्हा ती फ्रॉकमधली पोर होती. बाबा म्हणाले, चार दिवसांची गोष्ट आहे, मग परत आपली नदी. म्हणून त्यांनी अंगणात आंबा लावला नाही. तिच्या थोरल्या भावाला, हरिपददाला, बंगाली शाळेत घातलं, तिला कुठंच नाही. ती शेजारच्या पोचूच्या आईबरोबर धानाच्या रोवण्याला जाई, तिथंच इथली झाडी बोली तिच्या तोंडी बसली. आणि बाबांनी बिजाच्या लाकडाची होडी केली, परत जाण्यासाठी. ती आढ्याला टांगली. दरवर्षी तिला तेल लावायचे. बाबा गेले, नवरा गेल्यावर निभाराणी मुलाला घेऊन माहेरी आली, मुलाला मुलगी झाली. होडी तशीच लटकत राहिली. आता तेल हरिपद लावायचा.

आजही तो स्टुलावर चढून तेच करत होता.

"नाही ना मिळाला?" तो वरूनच म्हणाला. "पोरीला बंगालमध्ये नदियाला पाठव, आपल्या मावसभावाकडे. तिथं दाखला निघेल. बाबा सांगत होते, इथं आपलं काही नाही."

घरात ते बंगालीच बोलत. आज तिनं मुद्दाम झाडीत उत्तर दिलं.

"तिथी इचारतील, तुहा बाप कुठचा? महाराष्ट्राचा. मंग तिथूनबी हाकलतील. तुले बाबांनी तिकडची अक्षरं शिकवली, मले तीबी नाई. ना तू इथचा झाला, दादा, ना तिथचा. आता पोरीले टांगतोस का आढ्याले?"

"मी नाई जात," मोनाली हळूच म्हणाली. "पुढच्या वर्षी खुल्या जागेतून बसीन."

निभाराणीनं विळा घेतला आणि कुंपणापलीकडे हाक मारली. पोचू आला, वर पाहून हसला.

"काय बाई, पूर येऊन राह्यला का?"

"यायचा होता. नाई आला. धर ते टोक."

दोर तोडायला तिनं हात उचलला तेव्हा हरिपदचाही हात उठला. पण अडवायला नाही. त्यानं होडीचं दुसरं टोक धरलं.

तिघांनी ती गोठ्यात नेली. दोन्ही बाजूंना दगड लावून तिची गव्हाण केली. मोनालीनं तिच्यात बैलासाठी कुटार ओतलं, पाणी शिंपडलं. बैलानं तेलाचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. तेल निघावं म्हणून निभाराणी पेंढ्यानं काठ घासत बसली. हरिपद तेलाची वाटी हातात घेऊन उभाच होता.

बऱ्याच वेळानं बैलानं आत तोंड घातलं. होडी किंचित हलली. निभाराणीनं काठावर हात ठेवून ती थांबवली.